सोंडेचा झगा

नाही नाही, असं नाही दादा, असं मान आवळल्यासारखं नका धरू. अलगद धरा. तुमच्याच भुसा ओढायच्या मशीनची नळी आहे, पळून नाही जायची. हां, असं. आणि दुसऱ्या हातात वायर— वायर सैल नाही सोडायची, सैल सोडली की ती पीळ खाते, मग आत वळकट्या होतात, आणि त्या काढायला सगळं पुन्हा बाहेर ओढावं लागतं. आता तुम्ही फक्त उभं राहायचं. खांब व्हायचं. अर्धा तास तरी जाईल, आधीच सांगते, म्हणजे मागाहून घड्याळाकडे बघणं नको. कसं आहे बघा— हा प्लॅस्टिकचा पाइप आहे ना, हातभर लांबीचा, नळाच्या कामातून उरलेला— ह्याच्यावर मी आधीच सगळं कव्हर चढवून ठेवलंय, चुण्या चुण्या करून, आपण बाही वर सारतो तसं. आता ह्या पाइपातून तुमची नळी आणि वायर जोडीने घालायची, आणि ह्या बाजूने कव्हर थोडं थोडं सोडत जायचं. म्हणजे कव्हरात नळी नाही घालायची, नळीवर कव्हर सोडायचं. हे मला कोणी शिकवलं? कोणी नाही. पहिल्या वेळी मी कव्हरात नळी ढकलायला गेले होते. अख्खी दुपार गेली, हाताला फोड आले आणि नळी गेली वीतभर आत. मग परकरात नाडी ओवतो तशी ओवून बघितली, मोठी सेफ्टी पिन लावून. ती पिन मधोमध जाऊन आत उघडली. हसा, हसा तुम्ही, मलाच हसू येतंय.

मला आज सकाळपासूनच हसू येतंय. तुम्ही मघाशी खाली वर्कशॉपच्या दारातून हाक मारलीत ना, सुतारकाका आहेत का म्हणून, आणि मी वरून जिन्यातून नुसतीच हसले— तुम्हाला वाटलं असेल, बाई जरा अशीच दिसते. तशी नाही मी. आमचे हे आज टेस्टला गेलेत. छातीच्या. एका नळकांड्यात जोरात फुंकायचं असतं आणि मशीनवर आकडा येतो, ती टेस्ट. आणि मला भीती वाटली की हसू येतं. लहानपणापासूनचं आहे हे. शाळेत छडी बसताना हसायचे, म्हणून इतरांना दोन आणि मला चार. सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी ह्यांना समोर बसवलं आणि म्हणाले, लाकडाचा भुसा छातीत गेलाय, असंच चाललं तर जिना चढणं होणार नाही— आणि मी फिस्सकन हसले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघत राहिले. हे म्हणाले, "डॉक्टर, ती घाबरलीय. तुम्ही बोला पुढे." म्हणून आज मला नेलं नाही, लेक गेलीय बरोबर. जाताना मला म्हणाले, "तू घरी बस आणि त्या फरशीवाल्याचं कव्हर पुरं कर." फरशीवाला म्हणजे तुम्ही हो. लाकडी फरशी घासून पॉलिश करणाऱ्याला दुसरं काय म्हणणार. राग नका मानू, ते सगळ्यांना असंच म्हणतात. मला झगेवाली म्हणतात.

जरा पुढे या. एक पाऊल. बास. तर आज काय होणार? आज आकडा कळणार. मागच्या वेळेपेक्षा खाली गेला तर वर्कशॉपला कुलूप, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय. खाली गेला नाही तर चालू ठेवा म्हणाले, पण भुसा ओढणारं मशीन लावूनच. आता हा माणूस सुट्टीच्या दिवशीसुद्धा खाली जातो, नुसता. काही करत नाही. फळ्यांवर हात फिरवतो आणि वर येतो. त्याला तुम्ही सांगणार, कुलूप लावा? मग तो वर बसून काय करेल? माझ्या टिपा मोजेल. वेडे होऊ आम्ही दोघंही. म्हणून मी म्हणते, हसलेलं बरं.

मशीन काही आत्ताचं नाही. तीन वर्षं होतील. जावयाने आणून दिलं. आता जावयाने दिलेली वस्तू— ठेवूनही घेता येत नाही आणि टाकूनही देता येत नाही. त्याने आणली ती एवढी थोरली पिंपाएवढी, चाकांची, आणि पुढे ही लांब नळी. ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, "हत्ती आणलाय." तेव्हापासून तो हत्तीच, आणि नळीला आम्ही सोंड म्हणतो. ह्यांना तो पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता. आवाज फार करतो म्हणे. रंधा लाकडावरून कसा जातोय ते कानाला कळलं पाहिजे, आणि हा भोंगा चालू असला की काही ऐकू येत नाही, जणू कानात कोणीतरी बोळे घातलेत. पण जावई. म्हणून लावायचे. घासायचं मशीन उजव्या हातात, त्याची वायर खांद्यावर, सोंड पाठीमागून— तुम्हाला काय सांगायचं, तुमचं तेच. सोंड टेबलाच्या कडेला अडकते, हिसका बसला की वायर फासात. नागडी नळी ती, सगळ्या अंगाला कडीच कडी, जिथे जाईल तिथे खरखर अडकणार. तुम्ही म्हणालात ना, मागच्या महिन्यात तुमच्या नळीने कोणाच्या तरी भिंतीचा रंग सोलला. बघा.

पाइप सरकवते हां आता. तुम्ही दोन्ही हात माझ्या मागोमाग पुढे आणा, नळीबरोबर. शाबास.

मग दोन वर्षांपूर्वी काय झालं— एका वकीलबाईंचं जेवणाचं टेबल होतं. मोठं, बारा माणसांचं. ह्यांनी त्याच्यावर पंचवीस दिवस घालवले होते. पॉलिशचा शेवटचा हात देऊन, वाळवून झालेलं. असं चकचकीत की वरचा दिवा त्यात खाली दिसायचा. दुसऱ्या दिवशी टेम्पो येणार. आणि संध्याकाळी हे बघतात तर टेबलावर रेघ. ह्या टोकापासून जवळजवळ त्या टोकापर्यंत. ओरखडा. आणि रेघ जिथे संपत होती, तिथेच सोंडेचं टोक पडलेलं. आता कोणीही काय समजेल? मी चहा घेऊन खाली गेले होते. हे टेबलाजवळ उभे. ओरडणारा माणूस नाही हो तो, ओरडला असता तर बरं. मीच म्हणाले. मीच म्हणाले, "त्या नळीचं टोक लागलं असेल." ह्यांनी रेघेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "असेल."

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी हत्ती माळ्यावर. वर गोणपाट टाकून, सुतळीने बांधून. जावई विचारायला लागला तर म्हणाले, "सोंड मारते ती. शिकवलेली नाही." टेबल आठ दिवस उशिरा गेलं, पुन्हा सगळं घासून, पुन्हा पॉलिश. वकीलबाई येऊन काय काय बोलून गेल्या, जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. आणि मग हे पुन्हा जुन्या पद्धतीने. नाकाला रुमाल. रुमालाने काय होतं? भुवया पांढऱ्या, कानांच्या पाळ्या पांढऱ्या, जिन्यात कपडे झटकून वर यायचे. पहिला हिवाळा नुसतं खाकरणं. दुसऱ्या हिवाळ्यात खोकला. मग खोकताना भिंत धरायला लागले. लेकीने ओढून नेलं तेव्हा गेले.

डॉक्टरांनी विचारलं, भुसा ओढायचं काही नाही का तुमच्याकडे? लेक म्हणाली, आहे की, माळ्यावर आहे. मग घरात सगळे ह्यांच्या मागे, काढा खाली, काढा खाली. हे म्हणायचे, "ती नळी पुन्हा लागेल टेबलाला. पुन्हा आठ दिवस कोण घासणार?" जावई म्हणाला दुसरी आणतो, मऊ असते एक. नको म्हणाले. मास्क आणला, त्यात गुदमरतं म्हणाले. काही म्हणा, तिथेच येऊन थांबायचे— नळी लागते. मग मी म्हणाले, लागते ना? मी तिला कव्हर घालते. मग तर लागणार नाही? त्यावर काय बोलतील? तुम्हाला सांगते, माणसाच्या तोंडचं कारण असं हळूच काढून घेतलं ना, की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

पण कव्हर शिवायचं कसं, हे कुठे ठाऊक होतं मला? मी पडदे शिवणारी बाई. उशीचे अभ्रे, गाद्यांच्या खोळी, शाळेच्या स्टेजचे पडदे. खोळ म्हणजे काय, चौकोन. ही तर साडेचार मीटर लांब आणि मनगटाएवढी जाड, म्हणजे एका सापाची खोळच. पहिलं कव्हर मी सोफ्याच्या उरलेल्या कापडाचं केलं, मोठी मोठी गुलाबी फुलं. हे म्हणाले, "हा काय झगा घातलास तिला." लोक बघायला येतील म्हणाले. ते आले, खरंच आले, समोरचा पत्रेवाला येऊन बघून गेला. बरं, फुलांचं राहू दे, पण ते कापड जाडंभरडं, टेबलाच्या कडेला जास्तच धरायचं. म्हणजे ओरखडा नाही, पण नळी हलेचना. दुसरं कव्हर छान गुळगुळीत केलं, एकदम मापात. माप कसं घेतलं? नळी जमिनीवर ठेवली आणि टेप लावली. आता सांगा, चूक काय झाली? बरोब्बर. झोपलेल्या नळीचं माप घेतलं. ती ताणली की हातभर वाढते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ह्यांनी मशीन चालू करून एक पाऊल पुढे टाकलं आणि टीप अशी उसवली, फाडकन, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि आतून नळी बाहेर. हे म्हणाले, "बाळंत झाली." मी खाली भुशात बसून हसले. आणि हेसुद्धा, दादा. खोकत खोकत हसले. किती दिवसांनी.

तिसरं मात्र जमलं. छत्रीचं कापड. काळं, हलकं, बोटातून निसटणारं— तुमचंही तेच आहे. माप ताणून घ्यायचं आणि वर चार बोटं जास्त. आणि मधून एक उभी टीप, म्हणजे दोन खण होतात, मोठ्यात नळी, छोट्यात वायर. वायर आणि नळी दोघी एकाच झग्यात, वेगवेगळ्या खोल्यांत, भांडण नाही. प्लग मात्र बाहेर ठेवायचा हां. एकदा मी प्लग आतच ठेवून तोंड शिवून टाकलं होतं, पत्रेवाल्याच्या कव्हरात. दोन दिवसांनी येऊन म्हणतो, वहिनी, माझी वायर सापडत नाही. बघून बघून लोक आपापल्या नळ्या घेऊन यायला लागले, एकविसावं कव्हर आहे हे तुमचं. आता हे नळी पाठीवरून घेतात आणि टेबलाभोवती फिरतात, कुठे अडकत नाही, कुठे लागत नाही. सहा महिने झाले, भुवया काळ्याच्या काळ्या. माझा नवरा मला पुन्हा ओळखू यायला लागलाय.

आणि ह्या कापडाची खरी मेख काय, सांगू? शिवणं नाही. कापणं. निसरडं असतं ना, जमिनीवर पसरून कापायला जाल तर वाकडंच जातं. ह्याला लांब टेबल पाहिजे, आणि कात्रीचं खालचं पातं टेबलाला टेकवून ठेवायचं. उचलायचंच नाही. टेकवून, सरळ पुढे न्यायचं, बोटीसारखं. मग कापड सरळ कापलं जातं, अगदी पट्टीने आखल्यासारखं. पण खाली पुठ्ठा घालायला विसरायचं नाही, हे बघा, मी अख्ख्या टेबलावर पुठ्ठा ठोकून घेतलाय. नाहीतर ते पातं टेबलावर रेघ ओढत जातं आणि वर कापड असल्यामुळे आपल्याला दिसत पण नाही. कापड उचललं की मग— आता घालते पुठ्ठा. आता न चुकता. पूर्वी नव्हते घालत.

नळी सोडू नका हो. हां.

नाही, काही नाही. दोरा अडकलाय.

तुम्ही काय बघताय माझ्याकडे? मी काही म्हणाले का? पूर्वी म्हणजे पूर्वी. पूर्वी कुठे होतं माझ्याकडे लांब टेबल. जमिनीवरच कापायचे. एकदाच फक्त— आता निघालंच तोंडातून, तर सांगते, तुम्ही काही आमच्या नात्यातले नाही. आमच्या घरात लग्नापासून एक नियम आहे. खाली कापड न्यायचं नाही, वर भुसा आणायचा नाही. ओल्या पॉलिशवर एक धागा बसला तरी गेलं काम. आणि कापडात भुसा गेला की सुई मोडते. तीस वर्षं पाळला दोघांनी. आणि मग त्या शाळेच्या स्टेजचा पडदा आला. अकरा फूट लांब, निळा सॅटिन, वर जमिनीवर मावेना, घडी पडली की कापताना चुकणार. हे लाकूड बघायला गेले होते. खाली ते टेबल. एवढं लांब, एवढं सपाट, हिरोइनीसारखं पडलेलं. मी म्हटलं, दहा मिनिटांचं काम. पॉलिश वाळलंय, हात लावून बघितला. त्याच्यावर सोंड पडली होती, ती उचलून बाजूला ठेवली, पडदा पसरला, कात्री टेकवली आणि नेली. इतकं सुंदर कापलं गेलं, दादा, आयुष्यात एवढं सरळ कापलं नव्हतं. कापड गोळा केलं, सोंड होती तिथे ठेवून दिली, वर आले. गाणं गुणगुणत वर आले. मला ठाऊकच नव्हतं. संध्याकाळी चहा घेऊन गेले तेव्हा बघितलं, आणि बघितल्याबरोबर कळलं.

आणि तोंडातून काय निघालं? नळीचं टोक लागलं असेल.

का म्हणाले मी तसं? रोज विचारते स्वतःला. हे काय मला मारणार होते? एक शब्द बोलले नसते. पंचवीस दिवस त्या माणसाने त्या लाकडावर हात फिरवला होता आणि मी नियम मोडून दहा मिनिटांत त्यावर कात्री चालवली, हे त्या चेहऱ्यासमोर सांगवेना. उद्या सांगू म्हटलं. उद्या हत्ती माळ्यावर गेला. मग म्हटलं, टेबल जाऊ दे, मग सांगू. टेबल गेलं. मग आता कशाला उकरायचं. आणि मग खोकला आला. खोकला आल्यावर सांगणं म्हणजे नुसतं टेबलाचं नाही उरलं ना. तेव्हा सांगायचं म्हणजे काय सांगायचं, की तुमच्या छातीत जे गेलंय ते— मी तर हसतच होते डॉक्टरांच्या समोर. त्यांना काय कळणार मी कशाला हसले.

म्हणून शिवते मी ही कव्हरं. तुम्हाला वाटत असेल, बाईंना केवढी हौस. बिचाऱ्या नळीने काहीच केलं नव्हतं. न केलेल्या गुन्ह्याबद्दल मी तिला कपडे शिवले.

काय म्हणालात?

हो, सरळ. सांगितलं ना, पट्टीने आखल्यासारखी. अकरा फूट, कुठे तसूभर इकडे तिकडे नाही. का?

तुमच्या फरशीवर नळी कशी ओरखडते? गोल? म्हणजे झाडू फिरवल्यासारखी, अर्धी अर्धी गोल. आणि बारीक बारीक, एकाशेजारी एक, कड्यांची. एक सरळ रेघ कधीच नाही?

कधीच नाही.

थांबा, थांबा जरा. नळी ठेवा खाली, ठेवा, असू दे. तुम्हाला वर्षं किती झाली ह्या कामात? सात. तुम्हाला सात वर्षांत दिसतं, आणि ह्यांना चाळीस झाली. ते लाकडावरचा ओरखडा बघून सांगतात, रंध्याचं पातं कुठे बोथट आहे. एकदा दाराच्या फळीवर बोट फिरवून म्हणाले, ह्याच्यावर कोणीतरी किल्ली घासलीय, आणि किल्लीच होती. तो माणूस त्या रेघेकडे बघून म्हणेल, नळी? रेघेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, असेल.

आणि हे टेबल. दादा, हे टेबल, ज्याच्यावर हात टेकून मी उभी आहे, हे ह्यांनी कधी केलं, ठाऊक आहे? वकीलबाईंचं टेबल गेल्यावर चार दिवसांनी. मी मागितलं नव्हतं. तीस वर्षं जमिनीवर कापत होते, कधी विषय नाही. एक दिवस फळ्या घेऊन वर आले आणि इथेच ठोकत बसले. मी विचारलं, हे काय, तर म्हणाले, प्लाय उरला होता. एवढा प्लाय उरतो कुठे? माझ्या कधी मनात पण आलं नाही. टेप द्या ती. द्या इकडे. धरा टोक, त्या कोपऱ्याला धरा— बघा. बघा किती भरतंय. अकरा. आणि वर चार बोटं.

त्यांना पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं.

मग हत्ती माळ्यावर का टाकला? ठाऊक होतं तर का टाकला हो? नाही, मला कळतंय. मला कळतंय आता. तो आवाज त्यांना नकोच होता. मी आयतं हातात दिलं ना, नळी लागली असेल. नळी गुन्हेगार ठरली की मी सुटले, आणि हेही सुटले जावयाच्या हत्तीतून. आणि एकदा असेल म्हटल्यावर पुन्हा काढणार कसा? काढला असता तर कोणीतरी म्हणालंच असतं, मग त्या टेबलाचं काय. दोघांनी मिळून एका नळीवर आळ घेतला आणि दोन वर्षं गप्प बसलो, मी वर, हे खाली. एवढा भुसा खाल्ला त्या माणसाने, आणि कव्हर शिवते म्हटल्यावर चेहरा असा का झाला, ते आज कळतंय. मी म्हणत होते, कारण काढून घेतलं. ते बघत असणार, ही सांगतेय की नाही सांगत. तिसऱ्या कव्हराच्या वेळी मला म्हणाले होते, "एवढा जीव कशाला टाकतेस त्या नळीवर?" मी म्हटलं, लागू नये कुठे म्हणून. मग बघत राहिले माझ्याकडे.

फोन वाजतोय. माझाच आहे, शिलाई मशीनखाली बघा. वाजायचा थांबला. मेसेज आला असेल, लेक फोन उचलला नाही की मेसेज करते. तुम्हीच वाचा. माझा चष्मा— चष्मा डोक्यावर आहे, ठाऊक आहे मला, तरी तुम्हीच वाचा. मनात नको, मोठ्याने.

पुन्हा वाचा.

वाढलाय? थोडा म्हणजे किती, ते लिहिलंय का? असू दे. थोडा तर थोडा. खाली नाही ना गेला. आणि पुढे काय लिहिलंय? काम चालू ठेवा म्हणाले. मशीन लावूनच. आणि? "बाबा म्हणतात, आईला सांग, झग्याचं नाव घेतलं मी डॉक्टरांपुढे." असं लिहिलंय? दाखवा. हो, असंच लिहिलंय.

मी बसते जरा. नाही नाही, पाणी नको. तुम्ही नळी गुंडाळा, कव्हर चढलंय जवळजवळ, उरलेलं हाताने सरकवलं तरी येईल, दोन्ही टोकांना इलॅस्टिक आहे, ओढून बसवा म्हणजे झालं. धुवायचं झालं तर पिळायचं नाही. तुम्हाला मी फार अडकवून ठेवलं. तुमचं काम खोळंबलं असेल कुठेतरी.

गाडी आली वाटतं. आले. लेकीचा आवाज आहे खालच्या दारात. तुम्ही ते सगळं— म्हणजे मी जे बोलले ते खाली काही काढू नका हां, कव्हर न्यायला आलो होतो, एवढंच म्हणा. किंवा काहीच म्हणू नका, नुसतं जा. मी सांगणार आहे. आजच सांगणार आहे. त्यांना ठाऊक असलं म्हणून काय झालं, मी नाही ना सांगितलेलं अजून. वर येऊ देत, पाय धुऊ देत, मग सांगते.

ऐका. वर नाही आले. सरळ खाली गेले वर्कशॉपमध्ये. टेस्टवरून आलेला माणूस, कपडेसुद्धा बदलले नाहीत. हे बघा, लावला. हा हत्तीचा आवाज. आता हे तासभर वर यायचे नाहीत.

जिन्याने सांभाळून उतरा, वायर लोंबतेय मागे. मी पण येते तुमच्या पाठोपाठ. मशीन चालू असताना त्यांना काही ऐकू जात नाही, त्याचं बटण भिंतीवर आहे, दाराच्या आत लगेच. मी बंद करते. तुम्ही या.